बोलायला सोबत

आमच्याकडे दवाखान्यात आजारी माणूस एकटा जात नाही. सोबत एक जण लागतो, आणि तो नुसता सोबतीला नसतो, तो बोलायला असतो. आजारी माणूस स्टुलावर बसतो, डॉक्टर विचारतात, "काय होतंय?" आणि मागे उभा असलेला उत्तर देतो, "साहेब, जेवणच जायना बघा याला." ज्याला जेवण जात नाही तो गप्प बसून स्वतःच्याच आजाराची माहिती ऐकतो. आमच्या घरात हे काम माझ्याकडे. लग्नाची बोलणी असोत, तहसीलमधलं काम असो, की कुणाचं पोट दुखत असो, बोलायला मी. मानवतला माझं बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान आहे, म्हणजे पोटही बोलण्यावरच चालतं. शेतकरी पिशवीतून एक पान काढून काउंटरवर ठेवतो, मी ते उलटंसुलटं करतो आणि रोग सांगतो. बहुतेक वेळा बरोबर निघतो. त्या बरोबर निघण्याचा मला फार माज होता.

माझ्या धाकट्या बहिणीचा रोगही मी असाच एक पान बघून ठरवून टाकला होता. ती नाटकं करते, असं माझं निदान होतं. ते मी घरात, पाहुण्यांत, आणि रागाच्या भरात तिच्या तोंडावरही सांगितलं होतं.

सेलूला दिली होती तिला. ते लग्न मोडलं आणि ती आमच्याकडे राहायला आली. वरच्या खोलीत ब्लाउज शिवते. हात असा चांगला की बायका लांबून कापड घेऊन येतात. पण एखादीनं "जरा बाही सैल झाली गं" म्हटलं की ते कापड जिन्यावरून खाली येणार. माणसं तिच्या लेखी एक तर देव असायची, नाही तर दुश्मन. माझी बायको एका आठवड्यात "वहिनीसारखं माणूस न्हाई" अशी असे आणि पुढच्या आठवड्यात "वहिनी मला घरातून काढायलीय" अशी होई. मधे घडलेलं काय? तर चहाला हाक मारायला उशीर झाला. संताप यायचा तो घर डोक्यावर घेणारा, आणि तासाभरात तोच उलटा फिरून तिच्यावरच जायचा. "मीच घाण हाय दादा, मी कुणालाच नको." कधी म्हणायची, "आतून रिकामं रिकामं वाटतंय." मी म्हणायचो, "रिकामं वाटतंय तर काम कर."

सगळ्यात अवघड व्हायचं ते मी गावाला निघालो की. मला माल बघायला अधूनमधून नांदेडला जावं लागतं. निघतो म्हटलं की तिचं सुरू व्हायचं. आज नको जाऊस, माझ्यापेक्षा दुकान मोठं हाय का, गेलास की परत येऊ नकोस, आणि लगेच, न येऊन बघ तर खरं. मी आणि बायकोनं त्यावर एक युक्ती काढली. आदल्या दिवशी काही बोलायचं नाही. सकाळी ती उठायच्या आत आवरायचं, स्कूटर फाटकातून काढायची, ढकलत ढकलत कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत न्यायची आणि तिथं सुरू करायची. पोट सुटलेला माणूस स्वतःच्या घरातून चोरासारखा गाडी ढकलत निघालाय, हे गिरणीवाल्यानं कितीदा तरी बघितलं असेल. त्याचं मला हसू यायचं. तिचं काय होत असेल, हे मनात यायचं नाही. आलं तरी मी त्याला आत घेत नव्हतो.

अशाच एका दिवशी मी नांदेडला असताना तिचे फोन येत राहिले. कंपनीचे साहेब समोर बसलेले. मी फोन पालथा करून ठेवला. संध्याकाळी बायकोचा फोन आला तो मात्र घेतला. बहिणीनं स्वतःला इजा करून घेतली होती, हाताला टाके घालावे लागले. रात्री मी पोचलो. टाके घालणाऱ्या डॉक्टरांनी तिच्या बाहीखालचे जुने वण बघितले होते, ते मला दाखवले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की हिला मनाच्या डॉक्टरकडं न्या, लांबवू नका. ती उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचं घालते, ही मला आजवर तिची हौस वाटत आली होती.

परभणीला एक मॅडम आहेत मानसोपचाराच्या. पहिल्या दिवशी बहीण स्टुलावर बसली आणि मी माझी जागा घेतली, तिच्या मागे, जरा उजवीकडे. मॅडमनी तिला विचारलं, "काय त्रास होतो?" मी सांगायला सुरुवात केली. लग्न कसं झालं, सासरी कसं जमलं नाही, तेव्हापासून ती कशी खचली. मॅडम तिच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही बोला ना." मी म्हणालो, "लाजायली मॅडम ती." लाजत नव्हती. माझ्या बोलण्यात तिला शिरायला फट नव्हती.

मॅडमनी विचारलं, "लग्नाच्या आधी? लहानपणी काही?"

मी म्हणालो, "काही नाही. एकदम चांगलं होतं सगळं."

बहिणीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मॅडमकडेच बघत राहिलो.

मी सांगितलेल्या गोष्टीवरून कुणालाही जे वाटलं असतं तेच मॅडमना वाटलं. संसार मोडल्यामुळं आलेलं नैराश्य. गोळ्या सुरू झाल्या. झोप थोडी सुधारली, रडणं कमी झालं, पण बाकीचं जिथल्या तिथं राहिलं. देव आणि दुश्मन चालू, जिन्यावरून कापड येणं चालू. मी घरी म्हणालो, "बघा, औषधानं फरक नाही, म्हणजे काय ते समजून घ्या." नाटक हा शब्द मी त्या दिवशी उच्चारला नाही, पण सगळ्यांना ऐकू गेला.

पुढच्या एका फेरीला मॅडम म्हणाल्या, "आज तुम्ही बाहेर बसा." मला तो अपमान वाटला. बाहेरच्या बाकावर माझ्यासारखेच दोघंतिघं बोलायला आलेले लोक बसले होते, हातात दुसऱ्याची फाइल घेऊन. तास होत आला तरी दार उघडेना. एवढं काय बोलायली ही, असं मला राहून राहून वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटत होती. असं कित्येकदा झालं. ती आत, मी बाहेर. बाहेर येऊन ती काही सांगायची नाही आणि मी विचारायचो, "माझ्याबद्दल काही बोललीस का?"

मग एकदा मॅडमनी आम्हा दोघांना बसवलं आणि निदान सांगितलं. व्यक्तिमत्त्व विकार. त्यातला बॉर्डरलाइन म्हणतात तो प्रकार.

मी म्हणालो, "म्हणजे स्वभावच की. तो कुठं बदलतो?"

मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, तापासारखा हा मधेच आलेला आजार नाही, म्हणून एका भेटीत कळत नाही आणि रक्त तपासूनही सापडत नाही. माणूस स्वतःकडं कसा बघतो, दुसऱ्याशी कसा जोडला जातो, भावना आली की ती केवढी येते आणि किती वेळ टिकते, याची वर्षानुवर्षांची एक घडण असते. ती घडणच अशी झालेली असते की साध्या गोष्टीनंही जीव पोळतो. एकाच माणसाशी असं होतंय की सगळ्यांशी, आत्ताच होतंय की कोवळ्या वयापासून, हे बघावं लागतं. "आणि ते बघायला मला खरी माहिती लागते," त्या म्हणाल्या. "यांचं चारित्र्य वाईट आहे असा याचा अर्थ नाही. या मुद्दाम करत नाहीत. तुम्हाला राग दिसतो, त्याच्या खाली भीती असते. सोडून जातील ही."

उपचाराचं विचारलं तर म्हणाल्या, गोळ्यांचा आधार थोडा, मुख्य काम बोलण्याचं. दर आठवड्याला, बरेच महिने, कदाचित त्याहून जास्त. लाट आली की ती ओळखायची, तिला नाव द्यायचं, लगेच काही करायचं नाही, गार पाण्यानं तोंड धुवायचं, दहा मिनिटं काढायची, मग बोलायचं. हे शिकता येतं, आणि बऱ्याच जणांना पुष्कळ बरं वाटतं. बहीण हे सगळं खाली बघून ऐकत होती आणि बोटानं ओढणीचं टोक गुंडाळत होती. तिला ते आधीच माहीत होतं. मला कळावं म्हणून ती बसली होती.

मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "यांची परवानगी घेऊन विचारते. पूर्णेचं तुम्ही का सांगितलं नाहीत?"

मी म्हणालो, "त्यात काय सांगायचं? आमच्याकडं चालतं तसं."

चालतं खरं. पूर्णेला आमची आत्या होती, तिचे यजमान रेल्वेत. त्यांना मूल नव्हतं. आम्ही बोरीला राहायचो. असं असलं की भावाचं एखादं लेकरू बहिणीकडं ठेवतात. दत्तक वगैरे कागदोपत्री काही नाही, नुसतं ठेवायचं. आत्यानं माझ्या बहिणीला मागितलं आणि वडिलांनी हो म्हटलं. आई काही बोलली नाही. आमच्या आईला बोलायला कुणी पुढं केलंच नव्हतं कधी. बहीण सहा वर्षांची होती, मी दहा. वडील आम्हा दोघांना घेऊन गेले. रेल्वेच्या क्वार्टरमधे आम्ही मजेत राहिलो. गाड्या बघितल्या, आत्यानं पुरणपोळ्या केल्या. आणि निघायच्या दिवशी वडिलांनी मला हळूच सांगितलं, "हिला गुंतव कशात तरी. गाडीची येळ झाली. डोळा चुकवून निघू."

आमच्याकडं लेकरू सोडून जायचं ते असंच. सांगितलं तर रडतं, म्हणून सांगायचं नाही. यात कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट ते लेकराच्या भल्याचंच समजतात.

मला माझी अक्कल दाखवायची हौस. माझ्याकडं गोट्यांची एक पिशवी होती, आईनं जुन्या धोतराच्या कापडाची शिवलेली. ती मी कुणाला हात लावू द्यायचो नाही, बहिणीला तर नाहीच. ती पिशवी मी तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "ही धर. कुणाला देऊ नको. मी आलोच." तिचा चेहरा काय उजळला होता. ती पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी पिशवीचं तोंड आवळून. आम्ही मागच्या दारानं निघालो. गाडीत वडील म्हणाले, "हुशार हायस." परभणीला उतरल्यावर त्यांनी मला नव्या गोट्या घेऊन दिल्या.

चार वर्षांनी आत्याला मुलगा झाला आणि बहीण परत आली. तेव्हाही तिला कुणी काही विचारलं नाही. तिथूनही तिला सुट्टीला म्हणूनच गाडीत बसवून दिलं होतं. ती आली तेव्हा तिच्या गाठोड्यात ती पिशवी होती की नाही, हे मी बघितलं नाही. मला वाटलं, ती विसरली. खरं तर मला ते विसरलेलं हवं होतं. मॅडमनी लहानपणाचं विचारलं तेव्हा मला पूर्णा आठवली नाही, असं मुळीच नाही. पायरी, पिशवी, सगळं लख्ख आठवलं. त्यात मी होतो म्हणून मी ते सांगितलं नाही. माझी बाजू राखण्यासाठी मी तिचा आजार चुकीचा सांगितला, आणि ती कितीतरी महिने चुकीच्या नावाच्या गोळ्या घेत राहिली. ही शरम मला अजून धुता आलेली नाही.

हे सगळं त्या खोलीत मी सांगितलं, अडखळत. शेवटी म्हणालो, "मॅडम, म्हणजे हे माझ्यामुळं झालं."

"एकाच गोष्टीनं हे होत नाही," त्या म्हणाल्या. "काही माणसांचं मन जन्मापासूनच हळवं असतं, त्यात असं काही घडत जातं. आणि तुम्ही दहा वर्षांचे होता. ते तुमच्यावर नाही." मला हायसं वाटत होतं तेवढ्यात त्यांनी विचारलं, "आता तुमचं वय काय? स्कूटर कोण ढकलतं?"

बहिणीला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. वरच्या खोलीच्या खिडकीतून गिरणीचा कोपरा दिसतो.

मॅडमनी मला काम दिलं ते ऐकायला अगदी सोपं होतं. जाताना सांगून जायचं. कधी येणार ते सांगायचं आणि त्या वेळेला यायचं. उशीर होणार असेल तर फोन करायचा. ती रडेल, चिडेल, तरी सांगूनच जायचं. आणि तिच्या रागाला नाटक म्हणायचं नाही.

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा स्टीलचा पेला भिंतीवर आला. मी कसाबसा गेलो आणि सांगितल्या वेळेला आलो. दुसऱ्यांदा ती दारात आडवी उभी राहिली. तिसऱ्यांदा नुसती रडली, आणि मी परत आलो तेव्हा ताट वाढून ठेवलेलं होतं. मला वाटलं, जमलं. आणि मग एका सकाळी, नांदेडला साहेबांनी लवकर बोलावलेलं, आदल्या दिवशी तिचं आणि बायकोचं वाजलेलं, मला त्या रडण्याचा इतका कंटाळा आला की मी पुन्हा गाडी ढकलत काढली. गिरणीपाशी पोचून सहज वर बघितलं. ती खिडकीत उभी होती. ओरडली नाही, काही नाही. मी गाडी सुरू केली आणि गेलो. मागं फिरायला काय झालं होतं मला, हे मी स्वतःला आजही विचारतो.

त्या आठवड्यात ती मॅडमकडं गेली नाही. पुढच्याही नाही. गोळ्या तशाच पडलेल्या. मशीनवर कापड तसंच. मी जिना चढून जायचो आणि म्हणायचो, "चल गं, मी येतो सोबत." ती म्हणायची, "तूच जाऊन बोल. तुला येतंय सगळं." एवढ्या महिन्यांत ती कशीबशी वर आली होती आणि मी एका सकाळच्या आळसापायी तिला खाली ढकललं होतं. मॅडमना फोन केला तर म्हणाल्या, ओढून आणू नका, त्या येतील तेव्हा दार उघडं आहे.

कापसावर मावा पडायचे दिवस होते. दुकानात पानं घेऊन आलेल्या लोकांची गर्दी. एका मंगळवारी सकाळी ती दुकानात आली. ती कधी दुकानात येत नाही. गर्दीच्या मागं उभी राहून म्हणाली, "दादा, मी परभणीला जायले. मॅडमकडं. पाचच्या गाडीनं येते."

माझ्या हातात पान होतं. मी म्हणालो, "थांब की पाच मिन्टं. मी येतो बोलायला."

"बोलायला कशाला? तोंड हाय मला," ती म्हणाली. दोघं शेतकरी हसले. ती पण जराशी हसली आणि गेली.

दुपारपर्यंत मी लोकांना औषधं दिली, पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. जेवायला घरी गेलो तर बायको म्हणाली, "अहो, येईल की ती. सांगून गेलीय न्हवं का." तरी मी पाचच्या कितीतरी आधी बसस्टँडवर जाऊन बसलो. पाचची परभणी गाडी आली. सगळे उतरले. ती त्यात नव्हती. फोन लावला, बंद. पुन्हा लावला. पुन्हा. कंडक्टरला विचारलं, तो म्हणाला, मला काय माहीत. मी फोन लावत राहिलो, बंद आहे हे कळूनसुद्धा. किती वेळा लावला ते सांगायला लाज वाटते. मनात नाही नाही ते आलं. राग आला, मग रडू आलं, मग मीच हिला घालवली असं वाटलं, आणि पुन्हा राग. चाळिशी उलटलेला, बायकापोरांचा, दुकानाचा माणूस मी, आणि एक गाडी चुकली तर माझी ही गत.

पुढच्या गाडीतून ती उतरली. हातात कापडाची पिशवी, त्यात शिलाईचे दोरे घेतलेले.

"गर्दी होती, पाचची घावली न्हाई. बॅटरी बी गेली फोनची," ती म्हणाली. मग माझ्याकडं नीट बघितलं. "तू इथं काय करायलास?"

"पार्सल यायचं होतं," मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं. चार पावलं चाललो आणि थांबलो. "पार्सल नव्हतं. तुझी वाट बघायलो. दुपारपासून."

"मी सांगून गेल्ते की तुला."

"हो. सांगून गेलीस, कधी येणार तेही सांगून गेलीस, तरी एवढ्यात माझा जीव जायला झाला. तुला तर आमी काहीच सांगितलं नव्हतं गं. चुकलं माझं. तेव्हाचं, आणि स्कूटरचं पण."

रस्त्यावर बैलगाड्या चालल्या होत्या, आम्ही कडेनं चालत होतो. मग तिनं पिशवी माझ्या हातात दिली, अवघडलेला हात जरा झटकला आणि पुढं बघत बोलली.

"गोट्या तू संगं नेल्या असत्या तर मी त्याच दिशी रडले असते. त्या माझ्याकडं होत्या ना. मला वाटलं, गोट्या सोडून हा कुठं जायलाय. लय दिस रडले न्हाई मी."

मी घरापर्यंत नुसता सोबत चाललो.